टाकीबाहेरचा माणूस

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आनंदनगर एमआयडीसीतलं टाकीचं काम आम्हाला मिळालं. कापड रंगवणारा कारखाना आहे. त्यांच्या पाण्याच्या जुन्या लोखंडी टाकीचे आतले सांधे गळतात. टाकी रिकामी करून, सुकवून, आत बसून सगळे सांधे पुन्हा वेल्ड करायचे. दिवाळीच्या सुट्टीआधी.

मला आनंद व्हायला हवा होता. जूनमध्ये आई गेली, त्यानंतरचं हे पहिलं मोठं काम. जेवताना म्हटलं, "बाबा, टाकीचं काम आपल्याला मिळालं." बाबा भात कालवत राहिले. मी पुन्हा बोलले नाही. टीव्हीचा आवाज फार मोठा होता. आई गेल्यापासून बाबा तो तसाच लावतात, घर सुनं वाटू नये म्हणून असेल.

ताट उचलताना त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "त्या टाकीचं काय झालं मग?"

मी परत सांगितलं. "बरं झालं," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आई असती तर तिने हेच वाक्य दोनदा म्हटलं असतं. "अहो, काम मिळालं. टाकीचं काम मिळालं म्हणते शलाका." तिला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची सवय होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

आत कोणी बसायचं हे आज ठरलं. आजवर बाबा आत आणि मी बाहेर असायचे. मी शाळेत होते तेव्हापासून. पण बदलापूरच्या डॉक्टरांनी बाबांना धुरापासून लांब राहायला सांगितलंय. छातीत शिट्टी वाजते त्यांच्या. म्हणून आता मी आत आणि बाबा बाहेर.

त्यांनी मला घरामागच्या शेडमध्येच शिकवलं. कित्येक महिने करंट दिलाच नाही. फरशीवर खडूची रेघ मारायचे आणि न पेटवलेला रॉड त्या रेघेवरून सारखा सरकवायला लावायचे. हात हलला की रेघ पुसून परत. मुलीला कशाला हे, म्हणून लोक विचारायचे. बाबा म्हणायचे, "घरात जे येतं ते पोरीला आलंच पाहिजे."

टाकीतल्या कामाची बाबांची एक पद्धत आहे, दुसऱ्या कोणाची मी पाहिली नाही. रॉड संपला की आतला माणूस हातोडीने पत्र्यावर दोन ठोके देतो. बाहेरचा मेन स्विच पाडतो आणि बाहेरून दोन ठोके देतो. मगच आतल्याने होल्डरमध्ये नवा रॉड लावायचा. लावून झाला की एक ठोका, आणि मग बाहेरचा करंट सोडतो. बाकीचे लोक करंट चालू असतानाच रॉड बदलतात. कोरड्या जागी चालून जातं. पण बंद टाकीत माणूस घामाने निथळत असतो आणि चारी बाजूंनी लोखंड असतं. ओल्या हातमोज्याने चालू होल्डर धरला तर करंट छातीतून जातो.

थोडक्यात, आतल्याचा जीव बाहेरच्याच्या हातात. बाबांचा इतकी वर्षं माझ्या हातात होता. त्याची मला तेव्हा भीती वाटायची, झोपेत ठोके ऐकू यायचे. आता माझा त्यांच्या हातात असणार आहे तर काहीच वाटत नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालंय.

२२ सप्टेंबर, सोमवार

काम सुरू झालं. कारखान्याचं मेंटेनन्स बघणारे धर्मेशभाई मला बघून बाबांना म्हणाले, "काका, आत मॅडम जाणार?" बाबांनी उत्तर दिलं नाही. मीच म्हटलं, "हो, मीच जाणार."

मी दोनदा सगळं तपासलं. मग तिसऱ्यांदा. बसायला लाकडी फळी. हातमोजे कोरडे, एक जोड जास्तीचा. अर्थिंगचा क्लॅम्प थेट वेल्ड करायच्या सांध्याजवळ. धर्मेशभाईंचा एक माणूस म्हणाला, क्लॅम्प त्या पाइपला लावा, जवळ पडेल. मी नाही म्हटलं. करंट परत जायला कुठली वाट धरेल ते सांगता येत नाही. दुसरा म्हणाला, आत गुदमरलं तर सिलेंडरमधून थोडा ऑक्सिजन सोडू. त्याला बाबांनीच हाताने थांबवलं. तो माणूस त्यांच्या समोरच उभा होता. "ऑक्सिजन सोडलास तर तिचे कपडे कागदासारखे पेटतील," म्हणाले.

बाबा मॅनहोलजवळ, आत शिरायच्या तोंडाशी, स्टूल टाकून बसले. उजवा हात स्विचवर. डावा तळवा त्यांनी टाकीच्या पत्र्यावर ठेवला आणि दिवसभर काढला नाही. धर्मेशभाई जाता जाता म्हणाले, "काका, टाकीला ताप आलाय काय?" त्यांची माणसं हसली. बाबा हसले नाहीत, वळलेही नाहीत.

ठोक्यांना उत्तर मात्र लगेच यायचं. एकदाही चुकलं नाही. घरी बोलत नाहीत पण कामात पक्के आहेत. माझ्यावर राग असेल तरी तो कामात येऊ देत नाहीत.

राग कशाचा ते मला कळत नाही. आईच्या दिवसकार्यानंतर मी लगेच कामाला लागले, रडले नाही, त्याचा असेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रॉड आणायला उल्हासनगरला गेलो, कॅम्प एकमध्ये, मुकेशशेठच्या दुकानात. बाबा त्यांच्याकडून वर्षानुवर्षं माल घेतात. मुकेशशेठ गल्ला सोडून बाहेर आले, बाबांच्या अगदी पुढ्यात उभे राहिले आणि तोंडावर, एकेक शब्द तोडून म्हणाले, "मधुभाई. चाय. पियोगे?"

लहान मुलाशी बोलावं तसं. माझ्याशी मात्र साध्या आवाजात. "बेटा, ये पाकीट एकदम सुखी जागा में रखना. रॉड ओला झाला ना, तो खाली धुआँ करेगा, पकडेगा नहीं."

मला ते खटकलं. आम्ही जांभूळ गावातले, म्हणून का? बाबांना काही वाटलं नाही. ते चहा प्यायले. त्यांचा फोन वाजत होता, खिशातच. मीच काढून दिला तर परत माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच बोल." आई गेल्यापासून ते कोणाशी बोलतच नाहीत. संध्याकाळी देवळाच्या पारावर पत्ते खेळायला जायचे, तेही सोडलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. वर्षाच्या आत सण नाही, पण पुतळाआत्या म्हणाली हत्यारं उपाशी ठेवायची नाहीत. आत्या शेजारीच राहते, बाबांची थोरली बहीण. तिने झेंडूची माळ वेल्डिंग मशीनला घातली, हळदकुंकू लावलं आणि नारळाचं पाणी मशीनवर शिंपडायला लागली. दर वर्षी हेच होतं. मी मेन काढून ठेवला होता, तरी म्हटलं, "आत्या, मशीनवर पाणी नको."

"देवाचं पानी हाय, करंट नाय लागत," आत्या म्हणाली.

"करंटला देव कळत नाही गं."

"तुजी आयस अशीच होती. सारखा हे नको नि ते नको." मग म्हणाली, "पन बापसाला तुज्या लई जपायची. कंदी लग्नाला जा, हलदीला जा, त्याच्या मांडीवर हात ठेवूनच बसायची. आमी हसायचो, म्हातारपनी काय नवऱ्याला चिकटून बसतंस. तवा हात दाबायची नि हा लगेच हसायचा, हां हां करायचा. नायतर माजा भाऊस कवा हसला?"

बाबा तिथेच बसले होते. आत्या त्यांच्याबद्दल इतकं बोलली तरी मान वर केली नाही. मशीनचं फडकं घेऊन ते नारळाचं पाणी पुसत होते.

४ ऑक्टोबर, शनिवार

धूर फार होतो. ऑक्टोबरचं ऊन टाकीवर पडतं आणि आत धूर वर चढत नाही. काल बाहेर आले तर डोकं ठणकत होतं, उलटी झाली. मी धर्मेशभाईंना सांगितलं, वरच्या तोंडावर धूर ओढणारा पंखा हवा. ते लगेच म्हणाले, "गोडाऊनमध्ये एक मोठावाला पडलाय. सोमवारी बसवतो."

बाबांना घरी सांगितलं तर म्हणाले, "पंखा नको."

"का?"

"नको. थांबून थांबून काम कर. बाहेर येत जा."

"आपल्याकडे तेवढा वेळ नाही. आणि धूर पोटात घेऊ का मी?"

"पंखा नको म्हटलं ना."

कारण सांगितलं नाही. मग मी त्यांना जे कधी बोलले नसते ते बोलले. म्हटलं, "तुमची छाती अशीच गेली ना?" माझ्या तोंडाकडे बघत होते. उठून बाहेर गेले.

माझं चुकलं का याचा विचार करते आहे. शब्द चुकले असतील. पंख्याचं चुकलेलं नाही. बंद जागेत धूर काढायलाच हवा, हे कोणीही सांगेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पंखा बसला. वरच्या तोंडावर बोल्टने आवळलाय. धूर सरळ वर जातो, श्वास घेता येतो. आवाज फार आहे, सगळी टाकी थरथरते, फळीवर बसलं तरी दातांत कळतं. पण डोकं दुखलं नाही. मी बरोबर होते.

बाबांचे ठोके मात्र बदललेत. कधी मी दोन ठोके दिल्यावर उत्तर यायला वेळ लागतो. कधी मी ठोके द्यायच्या आधीच येतं. रॉड संपून ज्योत विझते, मी हातोडी उचलते, तोवर बाहेरून ठक ठक. आणि रॉड लावून होतो न होतो तोच करंट आलेला असतो. मला वाटतं ते घाई करतात. मी त्यांच्यापेक्षा सावकाश काम करते, ते त्यांना आवडत नसेल.

आज ते स्टुलावर बसलेच नाहीत. मॅनहोलपाशी उकिडवे बसून आत डोकावत होते. घरी आल्यावर त्यांचे डोळे लाल, सारखं पाणी गळत होतं. मी विचारलं, "काचेशिवाय आत बघितलंत का?" हे मी त्यांच्या समोर उभी राहून विचारलं. "नाही," म्हणाले. चाळीस वर्षं या धंद्यात असलेला माणूस उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगचा लखलखाट, आर्क, बघणार नाही. म्हणजे रडले असतील.

त्यांना रडता येतं. मी आईच्या फोटोसमोर थोडा वेळ बसून पाहिलं. काही झालं नाही. फोटोची काच पुसली आणि उठले.

८ ऑक्टोबर, बुधवार

मला आज शॉक बसला.

घडलं तसं लिहिते. दुपारी जेवणानंतर, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातला सांधा. रॉड संपला. दोन ठोके दिले. उत्तराचे दोन ठोके आले. हातमोजा आतून भिजला होता म्हणून काढला, हात पँटला पुसला, दुसरा जोड काढायला पिशवी उघडली. गाठ बसली होती. मग वाटलं, करंट बंदच आहे, आधी रॉड लावून घेऊ. ओल्या उघड्या हाताने होल्डर धरला. पाठ पत्र्याला टेकली होती.

त्यानंतर मी फळीवरून खाली पडलेली होते आणि होल्डर लांब होता. ओरडले का ते आठवत नाही. दोन्ही हात दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. मी हातोडी घेऊन पत्र्यावर सारखी मारत राहिले. बाहेरून काहीच आलं नाही. शेवटी सरपटत मॅनहोलपर्यंत गेले. बाबा तिथेच होते, आत बघत. मला असं येताना बघितलं आणि मग त्यांनी स्विच पाडला.

मी एक ठोका दिला नव्हता. करंट कसा आला?

किंवा दिला असेन. पिशवीची गाठ सोडताना कोपर पत्र्याला लागलं असेल. हातोडी पायाने ढकलली गेली असेल. बाबांनी तो एक ठोका धरला असेल. त्यांनी विचारलं, "तू ठोका दिलास ना? एक दिलास ना?" मी म्हटलं, "दिला असेन बहुतेक."

आणि हातमोजा काढून होल्डर धरणं, हे तर माझंच. करंट बंद असो वा चालू.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. ठीक आहे. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सुन्न आहेत. ठीक होतील म्हणाले. मी ती टाचणीने टोचून पाहिली. टोचल्याचं दिसतं, कळत नाही.

कामाला दोन-तीन दिवस सुट्टी घेतली. धर्मेशभाईंचा फोन आला. "मॅडम, माझा माणूस देतो बाहेर बसायला. काका घरी आराम करू दे."

बाबांना सांगायच्या आधीच तेच म्हणाले, "आता बाहेर दुसरा कोणीतरी बसव."

"का?"

"बसव. मला नाही जमत."

माझ्यासोबत काम करायचं नाही त्यांना. मी एकटीच काम करायला लागले की त्यांचा हा धंदा संपला, एवढं मला कळतं. आत जाता येत नाही, बाहेर बसायचं नाही. मग उरलं काय? शेडमध्ये जाऊन ते जुना होल्डर खोलून साफ करत बसले. तो साफच होता.

मी फार विचार केला. पंख्याच्या आवाजात मला त्यांचे ठोके नीट ऐकू येत नव्हते हे खरं आहे. कानात अजून गुणगुण आहे. कदाचित ते दोन ठोकेसुद्धा मी ऐकले असं मला वाटलं, आले नसतीलच. दोष माझ्या कानांत असेल. आतल्या माणसाला ऐकू येत नसेल तर बाहेर कोणीही बसवून काय उपयोग? आधी कान तपासून घेते, मग बोलू.

११ ऑक्टोबर, शनिवार

बदलापूर पूर्वेला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. बाबांना चला म्हटलं. "मला कशाला?" म्हणाले. म्हटलं, "माझ्या सोबतीला." आले.

कान तपासायची खोली लहान, काचेची खिडकी असलेली. मोठे हेडफोन लावले, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरचं काहीही ऐकू येत नाही. खिडकीतून बाहेर बाकांवर बसलेली माणसं दिसत होती, बाबांची पाठ दिसत होती.

मी बटण दाबत होते. अचानक बाहेरची सगळी माणसं एकदम दचकली आणि मागे वळली. एका बाईने छातीवर हात ठेवला. तिचं बाळ रडायला लागलेलं दिसलं. मागे, दारापाशी, सफाईवाल्याच्या हातून सुटलेली स्टीलची बादली पायऱ्यांवरून गेली होती. तीही मला दिसली, गडगडत जाताना, पण आवाज नाही.

बाबा वळले नाहीत. सगळे वळलेले आणि बाबा एकटे समोर बघत बसलेले. शेजारच्या माणसाने वळून बघितलं तेव्हा बाबांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मग तो बघतो तिकडे.

हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. मी बटण दाबायचं विसरले. तपासणाऱ्या मुलीने खांद्याला हात लावला. "ऐकू येत नाहीये का?"

"येतंय," म्हटलं आणि बटण दाबलं.

माझे कान चांगले आहेत. दोन्ही.

पत्र्यावरचा तळवा. पत्रा थरथरवणारा पंखा. टीव्ही. मुकेशशेठ. उघड्या डोळ्यांनी आत बघणं. आणि आईचं दोनदा बोलणं. ती सवय नव्हती.

रिक्षात बाबांनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मी त्यांच्याकडे वळून, तोंड समोर धरून म्हटलं, "थोडं कमी ऐकू येतं म्हणाले. मला."

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "या धंद्यात कान जातात. तुला फार लवकर गेले."

१३ ऑक्टोबर, सोमवार

एकटीच कॅम्प एकला गेले. मुकेशशेठना सांगितलं, मशीनला लावायचा डबा हवा. आर्क बंद झाला की होल्डरमधला व्होल्टेज आपोआप खाली आणतो तो. मग बाहेरच्याची चूक झाली तरी आतला मरत नाही. आणि जाड दोरी, सुती.

"नायलॉन ले लो ना, मजबूत," म्हणाले.

"ठिणगीने वितळेल."

"हां, वो बराबर." मग गल्ल्यामागून विचारलं, "मधुभाई नहीं आये?"

मी म्हटलं, "शेठ, तुम्हाला माहीत होतं ना?"

ते दोरी मोजत होते. मोजता मोजताच आईचं नाव काढलं. "वेणूभाभी बोलके गयी थी. दो-तीन साल हुआ. बोली, शेठ, इनको पीछे से आवाज नहीं देने का. सामने जाके बोलने का. और किसी को बोलने का नहीं, इनका काम जायेगा." दोरी गुंडाळून माझ्यासमोर ठेवली. "अब तुमको भी नहीं बोलना था, बेटा. पर तुम तो खुद पूछ रही है."

घरी येताना डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं वाटलं. चोळलं. तेवढंच.

धर्मेशभाईंना फोन केला. जेवढं कामाला लागतं तेवढं सांगितलं. पंख्यामुळे ठोके कळत नाहीत, पंखा टाकीला न टेकता वेगळ्या घोडीवर बसवा, आणि इशारा आता दोरीने. "बाहेर कोण, माझा माणूस?" म्हणाले. म्हटलं, उद्याचा दिवस द्या, मग सांगते. बाकीचं सांगायला हवं होतं का, याचा विचार अजून करते आहे. बाहेरच्या माणसाला इशारा कळला पाहिजे, हा नियम आहे. ऐकूच आला पाहिजे असा नियम आहे का? उद्या बघू. बाबा एकदा जरी चुकले तर मी स्वतः धर्मेशभाईंचा माणूस बसवेन. बाबांना सांगेन आणि बसवेन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मशीनचा मेन काढून ठेवला, वेल्डिंग केलंच नाही, आणि नुसती दोरी घेऊन आत गेले. एक टोक माझ्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं बाबांच्या मनगटाला. पंखा चालू. बाबांना सांगितलं, माझ्या कानांमुळे आता ठोके नकोत. दोनदा ओढली की बंद, तुमचं दोनदा उत्तर. एकदा ओढली की चालू.

"मी बसणार नाही म्हटलं होतं," बाबा म्हणाले.

"माझ्या कानांचं तुम्हालाच माहीत आहे. दुसऱ्याला कशाला कळू द्यायचं? काम जाईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही. त्यांनी मनगट पुढे केलं. मी गाठ बांधली. त्यांनी ती सोडून स्वतःची बांधली, ओढली तर आवळणार नाही आणि सुटणारही नाही अशी.

मी त्यांना फसवायचा प्रयत्न केला. लगेच लगेच ओढली. खूप वेळाने ओढली. हळू ओढली. ते चहा पीत असताना ओढली. रॉड लावायला लागतो त्याच्यापेक्षा मी कितीतरी जास्त वेळ थांबले, करंटचा इशारा न देता. त्यांनी स्विचला हात लावला नाही. जेवणापर्यंत हेच केलं, जेवणानंतर परत. धर्मेशभाई येऊन बघून गेले. "पतंग उडवताय काय काका?" म्हणाले. ते बाबांच्या समोर उभे होते. बाबा म्हणाले, "हो. पोरगी ढील देत नाही."

सगळा दिवस एकही इशारा चुकला नाही.

परत येताना शेअर रिक्षात बाबांनी विचारलं, "तुझ्याशी जरा मोठ्याने बोलत जाऊ का?"

"हो," मी मोठ्याने म्हटलं. "दोघंही मोठ्यानेच बोलू."

"शेजारी म्हणतील भांडतात."

"म्हणू देत."

"काय?"

"म्हणू देत. म्हणू देत म्हटलं शेजाऱ्यांना."

दोनदा म्हटल्यावर माझं मलाच कळलं. रिक्षातली बाई आमच्याकडे बघत होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून काम परत सुरू. डब्यामुळे रॉड पटकन पकडत नाही, दोनदा-तीनदा टेकवावा लागतो. बाबा कुरकुरले, असल्या डब्याने हात बिघडतो म्हणाले. म्हटलं, बिघडू दे. दोरी घामाने ओली झाली की बदलते, दुसरी उन्हात वाळत घातलेली असते. हातमोज्यांच्या पिशवीला गाठ मारत नाही.

डाव्या हाताची बोटं अजून तशीच. आज फळीवर बसताना दोरी चुकून त्या हाताभोवती आली होती. तशीच राहू दिली.

रॉड संपला. अंधार झाला. मी दोनदा ओढली. दोरी ताणली गेली, आणि मग माझ्या बोटांवरून दोनदा मागे सरकली. मला ती सरकलेली कळली. करंगळीत नाही, शेजारच्यात, थोडीशी.

हातमोजा बदलला. नवा रॉड लावला. करंटचा इशारा द्यायच्या आधी जरा वेळ तशीच बसले. बाहेर बाबा थांबले होते.